३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला लंब असलेली आणि (२, −१) या बिंदूतून जाणारी रेषा कशी काढायची?

उत्तर ४क्ष + ३य − ५ = ०, आणि त्यासाठी चढ काढत बसायचीही गरज नाही. क्ष आणि य यांच्या सहगुणकांची अदलाबदल करा, दोघांपैकी एकाचं चिन्ह पालटा: ४क्ष + ३य + क = ०. आता बिंदू घाला: ८ − ३ + क = ०, म्हणून क = −५. मूळ समीकरणातल्या ७ चा इथे काहीच संबंध नाही. तो तसाच उतरवणारे अकरावीच्या वर्गात दरवर्षी भेटतात.

हे चालतं कारण दिलेल्या रेषेवर ४ घरं उजवीकडे गेलात की ३ घरं वर चढता, म्हणजे चढ ३/४. आलेखाचा कागद काटकोनात फिरवला की तीच चाल ३ घरं डावीकडे आणि ४ वर अशी होते, चढ −४/३. दोन्हींचा गुणाकार −१. पेपरात पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा तिथे हा चढ लिहून य + १ = −४/३ (क्ष − २) असं मांडलेलं बरं; सोडवल्यावर समीकरण तेच येतं.

एक मात्र बघा: दिलेली रेषा अक्षाला समांतर असेल तर गुणाकार −१ हा नियम लावता येत नाही, कारण उभ्या रेषेला चढच नसतो. क्ष = ५ ला याच बिंदूतून लंब रेषा सरळ य = −१. सहगुणकांची अदलाबदल तिथेही चालते.