दाराशी थांबून विचारलेला प्रश्न

प्रिय डॉक्टर,

आता तू एकटीने ओपीडी बघायला लागलीस. लसी, वजन, सर्दी-ताप तुला येतंच. मी लिहितोय ते बाळाची आई जाता जाता दाराशी थांबून विचारते त्याबद्दल. "अजून एक विचारू का?" असं म्हणाली की पेन खाली ठेव आणि तिला पुन्हा बसव. मनातलं खरं ती तेव्हाच बोलते.

चार दिवसांच्या मुलीच्या लंगोटाला रक्ताचा डाग दिसला, की घर हादरतं. आई अगदी हळू आवाजात सांगते. नाळेतून किंवा आणखी कुठून रक्त येतंय का, जन्मल्यावर रक्तस्राव टाळणारं व्हिटॅमिन के दिलं होतं का, हे आधी विचार. तसं काही नसेल तर कारण समजावून सांग: पोटात असताना आईचे हार्मोन्स बाळाला मिळत होते, जन्मल्यावर ते एकदम कमी झाले, म्हणून हा थोडासा स्राव. काही दिवसांत आपोआप थांबतो. त्याच हार्मोन्समुळे बाळाची छाती सुजते, मुलग्याचीसुद्धा, आणि कधी दुधाचे थेंबही येतात. न्हाऊ घालताना ती पिळून काढायची पद्धत अजून आहे. पिळल्याने जंतुसंसर्ग होऊन पू होऊ शकतो, हे स्पष्ट सांग.

नुसतं "नॉर्मल आहे" म्हणू नकोस. घरी गेल्यावर सासूबाई विचारतील तेव्हा तिच्याकडे उत्तर हवं ना! जमलं तर आजींनाच आत बोलव. मालिश छान करता म्हण, मग छाती पिळू नका, कानात तेल घालू नका हे सांग. वरचे दात आधी आले, मामाला जड जाईल का, असं त्यांनी विचारलं तर हसू नकोस. बहुतेकांना खालचे आधी येतात, काहींना वरचे; त्याचा मामाशी संबंध नाही, एवढं शांतपणे सांग.

एका प्रश्नाला मात्र धीर देऊन वाटेला लावू नकोस: "शी पांढरट होते, चालेल ना?" लंगोट बघायला माग, नाहीतर मोबाइलवरचा फोटो. बाळ दोन आठवड्यांचं होऊनही कावीळ असेल, तर "कोवळ्या उन्हात धरा" म्हणून पाठवू नकोस. पित्तनलिका बंद असेल (पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शी पांढरट आणि कावीळ) तर ऑपरेशन शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हायला हवं, आणि असं बाळ सुरुवातीला चांगलं गुटगुटीत दिसतं. त्याच दिवशी डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त अडलंय का हे सुचवणारी रक्ततपासणी, करायला सांग, आईचा नंबर लिहून घे आणि रिपोर्टसाठी संध्याकाळी तूच फोन कर.

तुझा,
सर