तुमचे प्रश्न : श्वास सोडायचं राहूनच जातं

रोजच्या धावपळीत मन शांत ठेवण्याच्या साध्या सवयींबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. त्यातल्या निवडक चारांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दर दोन-तीन महिन्यांनी मी ठरवते, की लवकर उठून वीस मिनिटं ध्यानाला बसायचं. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी उशीर होतो आणि सगळंच बारगळतं. माझ्यात चिकाटीच नाही का?

चिकाटीपेक्षा हा हिशेबाचा प्रश्न आहे. ज्या सकाळी दहा मिनिटांची फट नाही, तिथे तुम्ही वीस मिनिटं कोंबायला बघताय. मग ध्यान हे यादीतलं आणखी एक काम होतं आणि ते राहून गेल्याची रुखरुख वेगळी.

वेगळा वेळ काढायच्या भानगडीत पडूच नका. रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला ही सवय बांधा. ‘सकाळी करेन’ हे फार मोघम झालं. ‘दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की तिथेच उभ्या उभ्या सहा संथ श्वास’ हे नेमकं. खूण अशी निवडा, की जी सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. ऑफिसच्या लिफ्टला बांधलेली सवय रविवारी हमखास सुटते. सहा श्वासांना एक मिनिट लागतं. पहिले दोन आठवडे त्याच्या पुढे जाऊ नका, कितीही हुरूप आला तरी. हुरुपाच्या भरात वाढवलेलं हुरूप ओसरला की आधी गळतं.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे सगळीकडे ऐकू येतं, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग काढला होता. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे : मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नव्हतं. तेव्हा पाचवा दिवस हुकला तर सहाव्या दिवशी नेहमीचे सहा श्वास घ्या. भरपाई म्हणून बारा नकोत.

प्रश्न : ताण आला की दीर्घ श्वास घ्यावा म्हणतात. मी घेतो, पण दोन मिनिटांत डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. माझं काय चुकतंय?

तुमच्यापर्यंत सल्ला अर्धाच पोचलाय. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की माणसं खांदे वर उचलून छाती भरभरून हवा ओढतात, तीही भराभर. रक्तात ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, त्यात या खटाटोपाने विशेष भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात त्याही याच गडबडीतून.

खरी गंमत श्वास सोडण्यात आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. व्हेगस नावाची नस तेव्हा हृदयाला लगाम घालत असते. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा.

खुर्चीत बसा, पाठ टेकलेली चालेल. एक हात बेंबीच्या जरा वर ठेवा. आधी आत आहे तो श्वास सोडून द्या. बरेच जण भरलेल्या छातीवरच आणखी हवा घेतात आणि तिथेच फसतात. आता नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, नेहमीपेक्षा थोडासाच मोठा. पोटावरचा हात हलला पाहिजे, खांदे नाहीत. मग सहा मोजेपर्यंत सोडा, नाकाने किंवा ओठांचा चंबू करून. समोर मेणबत्ती असती तर ज्योत नुसती थरथरली असती, विझली नसती, इतक्या हलक्या हाताने. मध्ये श्वास रोखायचा नाही. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा. चार-सहा जड गेलं तर तीन-चारवर या. शेजारच्या माणसाला तुमचा श्वास ऐकू येत असेल, तर तुम्ही जोर लावताय. गरगरलं की मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास चालू द्या. मिनिट-दोन मिनिटांत ठीक वाटतं. छातीत दुखत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर मात्र हे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घाबरायला होतं. त्यांनी हा नाद सोडून स्नायूंकडे वळावं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी शतकभरापूर्वी मांडलेली ही पद्धत आहे. मूठ पाच सेकंद आवळा, पूर्ण ताकदीने नव्हे. मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद हात कसा सैल पडतो तिकडे लक्ष द्या. पुढे खांदे, कपाळ, जबडा, पाय. पायांची पाळी आली की बोटं स्वतःकडे ओढा. पुढे ताणलीत तर पोटरीत गोळा यायचा. आणि जबडा आत्ता वाचताना तपासा. ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. टेकले असतील तर तुम्ही नकळत आवळून बसला आहात.

प्रश्न : पहाटे तीनला जाग येते आणि दुसऱ्या दिवशीची कामं डोक्यात फेर धरतात. काय करावं?

पहाटेचं काम संध्याकाळीच उरका. झोपण्याआधी दोन-तीन तास, रोज ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. पलंगावर नको. डोक्यात घोळणारी प्रत्येक गोष्ट लिहा आणि समोर तिची पहिली कृती : ‘पैशांचं बघायचं’ असं नाही, तर ‘सकाळी दहाला बँकेत फोन’. जिच्यावर कृतीच नाही, तिच्यापुढे फुली. दिवसभरात काळजी उगवली तर ‘संध्याकाळी बघू’ म्हणून एका शब्दात टिपून ठेवा.

तरीही जाग आलीच तर घड्याळ बघू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जडावले की परत या. पडल्या पडल्या तळमळत राहिलं, की पलंग आणि तळमळ यांची सांगड पक्की होते. कॉफी दुपारनंतर बंद. तिच्यातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशात रस वाटत नाही किंवा जगणं नको वाटतं असं असेल, तर तातडीने डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. अशा वेळी कागद-पेनावर वेळ काढू नये.

प्रश्न : ध्यानाचं अ‍ॅप घ्यावं का?

मोबाइलमधला साधा टायमर पुरतो. ‘आज तुम्ही शांत झाला नाहीत’ अशी आठवण दिवसातून तीनदा करणारं अ‍ॅप कशासाठी आहे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाच मिनिटांचा गजर लावा, फोन फ्लाइट मोडवर टाका, पालथा ठेवा. गजराचा सूर मात्र हळूहळू चढणारा निवडा, नाहीतर शेवटच्या सेकंदाला दचकून उठाल आणि ठोके पुन्हा पहिल्या जागी.