ओरेगॉनमध्ये जुनं घर विकतोय. शिशाचा रंग आणि लाकडाचा स्टोव्ह, दोन्ही काढावेच लागतात का?

रंग नाही, स्टोव्ह बहुधा हो.

घर १९७८ पूर्वीचं असेल तर शिशाबद्दल माहीत असलेलं सगळं लेखी सांगा, जुने अहवाल आणि ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) पुस्तिका द्या, तपासणीसाठी १० दिवसांची संधी द्या. सह्यांचा कागद ३ वर्षं जपा. घर चकाचक दिसावं म्हणून खिडक्यांचा रंग कोरडा घासू नका. शिशाची खरी भीती त्या भुकटीचीच, आणि ती खिडकीच्या खाचेत साचते.

स्टोव्हच्या मागे ईपीए किंवा डीईक्यूचं (ओरेगॉनचं पर्यावरण खातं) प्रमाणपत्राचं लेबल शोधा. नसेल तर तो काढून मोडीत घालावा लागतो आणि डीईक्यूला कळवावं लागतं. दुसऱ्याला विकायचा विचारही नको. खरेदीदाराने तो काढायची लेखी जबाबदारी घेतली, तर त्याला व्यवहारानंतर ३० दिवस मिळतात.