हबला हार्ड डिस्क लावली की माउस-कीबोर्डसकट सगळंच डिसकनेक्ट होतं. विंडोज नव्यानं टाकू का?

नका टाकू. निदान हे वाचून होईपर्यंत कुणाला त्या लॅपटॉपला हात लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की हबवर, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर, माउस, कीबोर्ड, प्रिंटर नीट चालतात, पण पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की डिसकनेक्टचा आवाज येतो, सगळंच जातं आणि काही सेकंदांनी परत येतं. ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तू चालवणारी सॉफ्टवेअरं, टाकून झाले, आता कंपनीतला मित्र म्हणतो फॉरमॅट मार. अहो, एकच वस्तू जात असती तर दोष त्या वस्तूचा, तिच्या वायरीचा किंवा तिच्या ड्रायव्हरचा म्हटला असता. सगळ्या एकदम जातात म्हणजे हबच क्षणभर बंद पडतोय. माउसचा, कीबोर्डचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एकाच सेकंदाला बिघडून पुढच्या सेकंदाला दुरुस्त कसा होईल?

मी सांगलीत डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावून देते. हा फॉरमॅटचा सल्ला मला कुणी दिला होता आणि त्यापायी घरात काय झालं, ते सांगितल्याशिवाय मला या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकांची घाई सुरू होते. तेव्हाच्या माझ्या लॅपटॉपचे पोर्ट कमी पडायचे, म्हणून बाजारातला साधा चार पोर्टचा हब लावला होता. त्यावर कीबोर्ड, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डाँगल (ते सॉफ्टवेअर चालू ठेवणारी यूएसबी किल्ली), वेगळी वायर न लागणारा, यूएसबीवरच चालणारा स्कॅनर आणि मागच्या अंकांच्या जाहिराती ठेवलेली हार्ड डिस्क. जाहिरात काढायला डिस्क जोडली की डाँगल गायब. डाँगल गेलं की मराठी टायपिंग बंद. संपादक फोनवर, प्रेसवाला फोनवर, आणि माझ्यासमोर अर्धवट लावलेलं पान.

माझे धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत. शनिवारी घरी आले होते. लॅपटॉपकडे दोन मिनिटं बघून म्हणाले, "वहिनी, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारतो, तासाभरात मोकळ्या व्हाल."

तासाभरात! डीटीपीच्या मशीनवर विंडोज नव्यानं टाकायचं म्हणजे काय, हे ज्याला ते काम करायचंय त्यालाच माहीत. पानं लावायचं पेजमेकर परत, चित्रं-जाहिरातींचं कोरल परत, प्रिंटर परत, आणि सगळ्यात जिवाचं म्हणजे फॉन्ट. जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. त्यातल्या एकाची जरी वेगळी आवृत्ती बसली तरी लावून झालेल्या पानांतल्या ओळी सरकतात, शब्द खालच्या ओळीवर जातात, आणि मग अख्खा अंक पुन्हा वाचायचा. मी स्पष्ट नाही म्हटलं. तर म्हणाले, "तुम्ही टायपिंगचं बघा, हे आमचं काम आहे."

ते वाक्य मला लागलं. अजूनही लागलेलं आहे.

मी त्या डिस्कला कान लावला. टक, घुर्र, परत टक. तबकडी फिरायला लागते आणि मध्येच सोडून देते. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की विहिरीवरची मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही, तसाच तो आवाज होता. आमच्या घरी शेती आहे, मला तो आवाज ओळखायला इंजिनिअर लागत नाही.

हिशेब साधा आहे. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून नियमानं ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. अ‍ॅडॉप्टर नसलेला हब त्यातला १०० स्वतःसाठी धरतो आणि उरलेले ४०० चार पोर्टांना शंभर-शंभर वाटतो. माझा स्कॅनर एकटाच ५०० च्या आसपास मागणारा. हार्ड डिस्क सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढते. व्होल्टेज खाली येतं, हबची चिप रीसेट होते, आणि तिच्यावर लटकलेलं सगळं एकदम जातं. यूएसबी ३ च्या पोर्टला ९०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणून तिथं हा प्रकार थोडा उशिरा होतो, पण होऊ शकतो.

मग विंडोज सांगत का नाही? दीरांचाही हाच प्रश्न होता. एक कारण असं की डिस्क आपल्याला किती करंट लागतो ते आधी जाहीर करते आणि विंडोज त्या आकड्यावर विश्वास ठेवतं. सुरू होताना ती खरोखर किती ओढते हे मोजत नाही. दुसरं, स्वस्तातले कितीतरी हब 'माझ्याकडे स्वतःची वीज आहे' असं लॅपटॉपला चक्क खोटं कळवतात. मग सूचना येणार कुठून?

हे सगळं मी दीरांना सांगितलं तेव्हा ते हसले. मग मी त्यांच्याच ऑफिसच्या लॅपटॉपला माझा हब, स्कॅनर आणि डिस्कसकट जोडला. नवा लॅपटॉप, त्यांनी स्वतः टाकलेलं विंडोज. डिस्क लावली आणि त्यांचा माउससुद्धा गेला. त्यावर काय म्हणाले माहीत आहे? "दोन्हीकडे तोच अपडेट आला असेल." सोमवारी मी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब आणला. त्या दिवसापासून डाँगल हललं नाही आणि अंक वेळेत छापायला गेला. तरी घरातल्या कार्यक्रमांत "वहिनींचा लॅपटॉप मी बघून दिला होता" असं अजून ऐकू येतं. भाऊजी हे वाचत असतील तर वाचू देत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. तिथं नीट चालली तर डिस्क चांगली आहे. मग हबवर एकेक वस्तू वाढवत जा आणि कुठल्या वस्तूला खेळ बिघडतो ते बघा. शेवटी अख्खा हब दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावा. तिथंही तेच झालं तर तुमच्या विंडोजचा संबंध संपला, मित्राला तेवढं दाखवा. पोर्टमधलं व्होल्टेज दाखवणारा छोटा यूएसबी टेस्टर मिळाला तर उत्तम. डिस्क सुरू होताना व्होल्टेज ४.७५ च्या बरंच खाली गेलं तर वाद घालायचीच गरज नाही.

तुमचा हब टाइप-सी आहे आणि त्यावर चार्जिंगचा पोर्ट असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर त्या पोर्टला लावून बघा, कदाचित नवा हब घ्यावाच लागणार नाही. फक्त चार्जर लावताना-काढताना हबवरची जोडणी क्षणभर तुटू शकते, तेव्हा कॉपी चालू असताना त्याला हात लावू नका. कुठल्या कंपनीचा हब घ्यावा हे विचारलंय, ते मी सांगणार नाही. डब्यावर पोर्ट किती ते बघू नका, अ‍ॅडॉप्टर किती अँपिअरचा ते बघा.

एक गोष्ट मान्य करते. काम चालू असताना नव्हे, पण लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिल्यावर वस्तू जात असतील, तर तो विंडोजच्या वीज वाचवण्याचा प्रकार असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (हा लॅपटॉपच्या आतलाच) पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला तो बंद करू देणारी टिक काढा. त्यालाही फॉरमॅट लागत नाही. आणि वायरलेस माउस नुसता अडखळत असेल तर कारण वेगळं: यूएसबी ३ च्या वायरींतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. माउसचा रिसीव्हर हबवरून काढून लांबच्या पोर्टला लावा.

डिस्क अशी वारंवार तुटत असेल तर तिच्यातला डेटा आजच थेट पोर्टला लावून दुसरीकडे काढून घ्या. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइली जातात, आणि त्या हब बदलून परत येत नाहीत.

आणि थेट पोर्टलाही डिस्क तशीच वागली, पिन हलवली की जोडणी जाते-येते असं झालं, तर पोर्ट सैल झालाय. दुकानदार मदरबोर्डचा खर्च सांगेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे यूएसबी पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तो पट्टीच्या केबलनं जोडलेला असतो. तुमच्या मॉडेलमध्ये तसा आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.