पाच किलोचा डंबेल एवढा जड का?
अरे, कर्लला, म्हणजे कोपर वाकवून डंबेल वर आणताना, 10 किलो उचलतोस आणि लॅटरल रेजला, म्हणजे सरळ हात बाजूने खांद्याएवढा वर नेताना, 5 किलोतच खांदा पेटतो, म्हणून खचू नकोस. कर्लमध्ये वजन कोपरापासून जेमतेम 30 सेंटिमीटरवर असतं. रेजमध्ये सरळ हात आडवा झाला की वजन खांद्यापासून साधारण 60 सेंटिमीटर. अंतर दुप्पट, म्हणून 5 किलोही 10 किलोएवढेच ओढतात, वर अख्ख्या हाताचं वजन वेगळंच. भरलेली कळशी कमरेवर धर आणि मग हात लांब करून धर, लगेच कळेल.

लेग प्रेसच्या, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनच्या, आकड्यावरही जाऊ नकोस. 45 अंशांच्या उतारावर 100 किलो म्हणजे पायांना जवळपास 70, आणि तोल मशीनच सांभाळतं.

सध्या रेजला अडीच किलोच घे. झोका अजिबात देऊ नकोस. खांदे कानाकडे जायला लागले की सेट तिथेच थांबव.