‘मला चढतच नाही’ ही शाबासकीची गोष्ट नव्हे

प्रश्न : आजोबा आणि वडील दोघेही दारूपायी गेले. मी ३१ वर्षांचा आहे. हे माझ्या रक्तातच आहे का?

रक्तातून व्यसन येत नाही, कल येतो. १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदाते व्यसनी, पण वाढले दुसऱ्या घरी, अशा मुलग्यांत व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळजवळ चौपट निघालं. तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांना व्यसन लागलं नाही, हेही तितकंच लक्षात ठेवा. ‘निम्मा वाटा अनुवंशाचा’ असं तुम्ही वाचलं असेल. तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब आहे. तुम्हाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ नाही.

प्रश्न : चार पेगनंतर मित्र लोळतात, मी सरळ चालतो. म्हणजे मला दारू पचते ना?

याच वाक्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी तरुणांना मोजून दारू दिली, उभं केलं आणि शरीर किती डोलतं ते मोजलं. व्यसनी वडिलांची मुलं सरासरी कमी डोलली. पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं, की ज्यांच्यावर दारूचा परिणाम कमी झाला होता, त्यांच्यातच व्यसनाचं प्रमाण जास्त होतं. कारण सरळ आहे. ‘आता पुरे’ असं शरीर इतरांना दुसऱ्या पेगला सांगतं, तुम्हाला सांगतच नाही. यकृताला मात्र चारही पेग पोचतात. घरचा इतिहास पाहता तुम्ही न पिणंच बरं.

प्रश्न : दोन घोटांत माझा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. ॲलर्जी आहे का?

बहुधा नाही. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विष तयार होतं. ते निकामी करणारं एन्झाइम काहींच्यात जन्मतःच दुबळं असतं. पूर्व आशियात असे लोक पुष्कळ. या त्रासामुळे व्यसनाचा धोका घटतो. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरॅमची गोळी, वर दारू प्यायल्यास, हाच त्रास मुद्दाम घडवते. पण लाल होऊनही पीत राहिलात, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

प्रश्न : जनुकीय चाचणी करून घेऊ का?

नको. यात कितीतरी जनुकांचा थोडाथोडा हात असतो. घरात कोण पीत होतं, हे आईला विचारा. आज तरी त्यातून जास्त कळतं.

प्रश्न : नवऱ्याची दारू सुटून सहा वर्षं झाली. मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला सांगावं का?

सांगा, आणि शक्यतो वडिलांनीच सांगावं. घरात मधुमेह आहे हे जसं सांगतो, तसं. पहिला पेला जितका लवकर, तितकं पुढे व्यसन जास्त आढळतं. त्याचं वय आत्ता नेमकं तेच आहे.