पापुआच्या डोंगरातल्या दुर्गम गावात लोक कसे राहतात? ते खरंच अजून पाषाणयुगात आहेत का?

तुम्ही असंही विचारलंय की परदेशी माणसाला तिथं जाऊन बघता येईल का. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी काही वर्षं इंडोनेशियाच्या पापुआत वामेना या डोंगरातल्या शहरातून छोटी विमानं चालवायचो. गावात राहून अभ्यास करणाऱ्याची नजर माझ्याकडे नाही. माझा संबंध धावपट्टीशी: काय उतरवलं, काय चढवलं, कोण आलं, कोण निघून गेलं. मुक्काम झाले ते ढगांनी अडकवलं म्हणून.

आधी पाषाणयुगाचं. दगडी कुऱ्हाडी होत्या, पण त्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत. १९३८ मध्ये रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला विमानातून बालिएमचं खोरं, म्हणजे आज वामेना जिथं आहे ते, दिसलं, तेव्हा खाली आखीव चर, वाफे, कुंपणं आणि हजारो शेतकरी होते. १९५४ मध्ये मिशनरी आले, मागोमाग लोखंड आलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं लोकांना कपडे घालायला लावण्याची मोहीमच काढली. पुरुष लिंगावर घालतात ते भोपळ्याचं आवरण, म्हणजे कोतेका, आता काही म्हाताऱ्यांच्या अंगावर किंवा उत्सवात दिसतं. बाकी सगळे हाफ पँट आणि फुटबॉलच्या जर्सीत. दगडी कुऱ्हाड मिळते, पर्यटकांना विकायला ठेवलेली.

जेवण म्हणजे रताळं. आपल्याला एकादशीच्या एका दिवसात त्याचा कंटाळा येतो, तिथं सकाळ-संध्याकाळ वर्षभर तेच. पण एकेका गावात डझनावारी जाती लावलेल्या असतात. लहान मुलांना मऊ वेगळी, डुकरांना वेगळी, समारंभात तापल्या दगडांवर शिजवायची वेगळी. चर खणणं आणि कुंपण घालणं पुरुषांकडे. लावणी, खुरपणी, काढणी बायकांकडे. चरातला गाळ उपसून वाफ्यावर टाकतात, तेच खत. इतक्या फेऱ्यांत खताची गोणी मी एकदाही उतरवली नाही. संध्याकाळी बाई शेतातून येते तेव्हा झाडाच्या सालीच्या धाग्यांची विणलेली पिशवी, नोकेन, कपाळाला अडकवून पाठीवर सोडलेली असते. तिच्यात रताळी, जळण, कधी तान्हं मूल. २०१२ मध्ये युनेस्कोनं या पिशवीला वारशाच्या यादीत घेतलं. काही डोंगरी भागांत निवडणुकीची मतंही तिच्यातच टाकतात, अख्ख्या गावाची एकदम, आणि घटना न्यायालयानं २००९ मध्ये ही पद्धत मान्य केली. त्यात घोळ किती होतात यावर वामेनात रात्रभर वाद ऐकायला मिळतात.

रताळं कोणी साठवत नाही. जमीन हीच कोठी, लागेल तेवढं रोज उकरायचं. साधारण १,६०० मीटरवरच्या वामेनाच्या आसपास हे छान चालतं. त्याहून बऱ्याच उंचावरच्या गावांत मात्र कोरड्या वर्षी रात्री आकाश निरभ्र राहिलं की दहिवर गोठतं आणि सकाळी सगळे वेल काळे. नवीन लावून रताळं हाती यायला तिथं सहा-आठ महिने तरी लागतात, आणि घरात दाणा नसतो. २०२३ च्या मध्याला पुंचाक जिल्ह्यातल्या आगांदुगुमे आणि लाम्बेवी भागात असंच झालं, किमान सहा माणसं दगावली. हा बंडखोर आणि लष्कर यांच्यातल्या सशस्त्र संघर्षाचा पट्टा असल्यामुळे मदत पोचवणंही अवघड होतं.

घरं गोल, लाकडी फळ्यांची, वर गवताचं जाड छप्पर. त्यांना होनाय म्हणतात. दार इतकं बुटकं की वाकूनच आत शिरावं लागतं, मध्ये चूल, धुराडं नाही. पुरुष एका घरात झोपतात, बायका-मुलं दुसऱ्या, डुकरांना तिसरं. रात्री कडाक्याची थंडी असते, त्यामुळे ही रचना शहाणपणाची आहे, पण धूर सगळा छातीत जातो. पहाटे कुठल्याही होनायमधून आधी खोकला ऐकू येतो. डुकरांबद्दल लोक फार लिहितात, म्हणून थोडक्यात: लग्नात, मयताला, भांडण मिटवताना भरपाई डुकरांतच होते. बँकेत पैसे असलेला माणूसही डुकरं नसतील तर गावात गरीबच.

आता खरी अडचण. गावात पिकतं ते मुबलक आहे, आणि आकाशातून यावं लागतं ते सगळं महाग किंवा बेभरवशाचं. माझ्या विमानात जेमतेम टनभर माल मावायचा, पट्टी आखूड असेल तर त्याहून कमी. साबण, मीठ, तांदूळ, छताचे पत्रे, डिझेल, वह्या, सगळं असंच येतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं देशभर इंधनाचा एकच दर जाहीर केला. त्याआधी ६,४५० रुपियाचं (रुपिया हे तिथलं चलन) लिटरभर पेट्रोल डोंगरात ६० हजारांपासून लाखभर रुपियापर्यंत विकलं जायचं. दर जाहीर झाला, पण पंपापासून दोन दिवस चालून जावं लागणाऱ्या गावाला त्याचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.

धावपट्ट्या गावकऱ्यांनीच मिशनऱ्यांबरोबर फावड्या-कुदळींनी केलेल्या. डोंगराच्या उतारावर असल्यामुळे उतरायचं चढावर, उडायचं उताराकडे, आणि शेवटच्या टप्प्यात विचार बदलायची सोय नसते. दुपारपर्यंत खिंडी ढगांनी भरतात, म्हणून सगळं काम सकाळी. पहाटे रेडिओवरून बहुतेक ठिकाणी पाद्रीच बोलायचा: ढग कुठे आहेत, पट्टी ओली आहे का, डुकरं हाकलली का.

पाद्रीच का? कारण तोच टिकून राहतो. शाळेची इमारत असते, फळा असतो, पोरं नदी ओलांडून येतात. शिक्षक पगार घ्यायला म्हणून शहरात जातो आणि महिनोन् महिने फिरकत नाही. आरोग्य केंद्राचंही तेच, दाराला कुलूप. मला त्यांचा सरसकट राग येत नाही. बायकापोरं शहरात, पगार शहरात, परतीच्या विमानात जागेची खात्री नाही, आणि गोळीबाराची भीती. पण परिणाम असा की चौथीतल्या मुलाला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, आणि न्यूमोनियाचं बाळ झोळीतून पट्टीपर्यंत आणून ढग हटायची वाट बघावी लागते. २०१३ च्या सर्वेक्षणात पापुआतल्या प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण २.३ टक्के निघालं होतं. रोजच्या गोळ्या जिथं महिन्यातून एकदा विमान येतं तिथं कशा पुरवणार? २०२२ मध्ये वामेना आणि आसपासचा डोंगरी भाग 'पापुआ पेगुनुंगान' नावाचा वेगळा प्रांत झाला. मानव विकास निर्देशांकात तो देशात सगळ्यात खाली आहे. नव्या प्रांताबरोबर कार्यालयं आली, पण तीही वामेनातच, म्हणजे गावातला शिकलेला माणूस शहराकडे ओढणारी आणखी एक जागा तयार झाली.

जाता येईल का? वामेना आणि आसपासचं खोरं शांत असेल तेव्हा येईल. जयापुरा शहराजवळच्या सेंतानी विमानतळावरून पाऊण तासाचं विमान आहे. पोलिसांकडून 'सुरात जालान' हा प्रवास परवाना काढावा लागतो, त्याच्या छायाप्रती जवळ ठेवा. ऑगस्टमध्ये बालिएमचा उत्सव असतो. पण न्दुगा, पुंचाक या बाजूच्या गावांचा नाद सध्या सोडा. न्दुगात २०१८ च्या डिसेंबरमध्ये रस्ता बांधणारे कामगार बंडखोरांच्या हातून मारले गेले, त्यानंतरच्या लष्करी कारवाईत हजारो गावकरी विस्थापित झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्याच पारो गावात उतरलेल्या न्यूझीलंडच्या पायलटला बंडखोरांनी पकडून नेलं, तो सुटला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये. तिथून आलेली कुटुंबं वामेनात नातेवाइकांकडे दाटीवाटीनं राहतात. त्यांच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारा आणि पैसे आधी ठरवा. ते भाव करतात आणि त्यांनी करावाच.